गाडी चोरीला गेली आणि विमा कंपनीनं क्लेम नाकारला? पुण्यात पुढं काय करायचं, पायरीपायरीनं

२०२४ च्या गणपतीत, गौरीजेवणाच्या रात्री आमची गाडी गेली. मंडळाच्या मांडवामुळे गल्लीत शिरायला वाव नव्हता, म्हणून ह्यांनी ती डीपी रस्त्याच्या कडेला लावली होती. सकाळी दूध आणायला गेले तर तिथं एक छोटा टेम्पो उभा. आधी वाटलं, आपणच जागा विसरलो. मग वाटलं, टोइंगवाल्यांनी उचलली. दहा वाजेपर्यंत खात्री पटली.

पाच महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं: क्लेम नामंजूर. कारणं दोन. एक, कंपनीला आठ दिवस उशिरा कळवलं. दोन, दुसरी चावी दिली नाही. मी नोकरी करते ती सीएच्या ऑफिसात, कागदांना घाबरत नाही. तरी ते पत्र वाचून हातपाय गळाले. पुढच्या वर्षभरात जे शिकले ते इथं लिहिते आहे. पैसे मिळाले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा धीर राहील.

१. सगळ्यात आधी एफआयआर हातात घेऊन बघा

क्लेम नाकारला गेल्यावर लोक थेट वकील शोधायला निघतात. त्याआधी घरातला एक कागद नीट वाचा, तो म्हणजे एफआयआर. सगळा डोलारा त्यावर उभा असतो.

तीन गोष्टी तपासा. चोरी कधी लक्षात आली ती वेळ, एफआयआर नोंदवल्याची तारीख-वेळ आणि कलम. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं; त्याआधीच्या चोऱ्यांना जुनं ३७९. कलम महत्त्वाचं अशासाठी की गाडी ओळखीच्या माणसाला चालवायला किंवा भाड्यानं दिली आणि त्यानं परत आणलीच नाही, तर पोलीस विश्वासघाताचं कलम ३१६ लावतात. मग कंपनी म्हणते, आमची पॉलिसी चोरीची आहे, फसवणुकीची नाही.

इथं बरेच जण फसतात. पोलिसांच्या ऑनलाइन ‘लॉस्ट अँड फाउंड’ची पावती म्हणजे एफआयआर नव्हे. ती हरवलेल्या मोबाईल-कागदपत्रांसाठी असते. चौकीत दिलेला साधा तक्रार अर्ज, त्यावर शिक्का असला तरी, एफआयआर नव्हे.

आम्हाला पहिल्या दिवशी चौकीत सांगितलं, “ताई, गणपतीचा बंदोबस्त आहे. दोन दिवस आजूबाजूला बघा, नाही सापडली तर या.” शिवाय गाडी लावलेली जागा नक्की कुणाच्या हद्दीत, यावरून दोन ठाण्यांत टोलवाटोलवी. संध्याकाळी पुन्हा गेलो, तेव्हा गुन्हा दाखल झाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर लक्षात ठेवा: हद्द कुणाचीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. घेतलाच नाही तर तक्रार लेखी करून परिमंडळाच्या उपायुक्तांना स्पीड पोस्टानं पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती सोय आहे. आणि गाडी दिसत नाही म्हटल्यावर पहिला फोन ११२ ला करा. त्या फोनची वेळ नोंदली जाते. आमच्याकडे ती नोंद होती म्हणून सकाळ ते संध्याकाळ हा वेळ कुठं गेला, हे पुढं सांगता आलं.

२. नकार तोंडी घेऊ नका

“मॅडम, क्लेम क्लोज झालाय” असा फोन किंवा एसएमएस येतो. ‘क्लोज’ आणि ‘नाकारला’ यांत फरक आहे. कागद वेळेत आले नाहीत म्हणून फाइल बंद केली, तर राहिलेले कागद देऊन ती उघडता येते. अटीचा भंग झाला म्हणून क्लेम फेटाळला, तर त्यावर भांडावं लागतं. नक्की काय झालं ते ईमेलवर विचारा. कारण काय आणि पॉलिसीची कुठली अट मोडली, हे दोन्ही लेखी मागा. सोबत सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा; ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कंपनी सरकारी चारपैकी असेल (न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल) तर माहिती अधिकारातही अर्ज टाकता येतो. खासगी कंपनीला तो लागू नाही.

लेखी कारणाचा हट्ट कशासाठी? एकदा पत्रात कारणं लिहिली की कंपनी त्यांना बांधली जाते. सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की नकारपत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढं करता येत नाही. आमच्या सुनावणीत कंपनीच्या माणसानं “गाडी रस्त्यावर लावली होती, पार्किंगमध्ये नाही” असं मध्येच काढलं. मी पत्र पुढं केलं, त्यात हे कुठंय विचारलं. तो मुद्दा तिथंच संपला.

३. पत्रातल्या एकेका कारणाला वेगळं उत्तर लिहा

माझा पहिला मसुदा चार पानी होता आणि त्यात साडेतीन पानं संताप होता. ऑफिसातल्या सरांनी वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “यात तुझं दुःख आहे, उत्तर कुठंय?” मग कागद उभा दुमडून डावीकडे कंपनीचं कारण, उजवीकडे माझं उत्तर आणि पुरावा, असं लिहायला घेतलं. तुम्हीही तसंच करा.

*कारण: कंपनीला उशिरा कळवलं.* चोरीच्या क्लेममध्ये हे कायम पुढं येतं. पॉलिसीच्या पहिल्याच अटीत लगेच लेखी कळवा असं असतं, आणि कंपन्या त्यावर बोट ठेवतात. पण २४ जानेवारी २०२० ला गुरशिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला: चोरीनंतर पोलिसांत एफआयआर लगेच दिला असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही. ११ फेब्रुवारी २०२२ च्या जैना कन्स्ट्रक्शनच्या निकालात हेच पुन्हा सांगितलं. तिथं ट्रक चोरीला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एफआयआर झाला होता आणि कंपनीला कळवलं होतं तब्बल पाच महिन्यांनी. माझे तर आठच दिवस होते. विमा नियामक आयआरडीएआयनंही २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे की निव्वळ उशिराच्या कारणावर खरे क्लेम फेटाळू नका.

मात्र या निकालांचा आधार ‘पोलिसांना लगेच कळवलं’ हा आहे. एफआयआरच आठ-दहा दिवसांनी केला असेल, तर उशिराचं कारण पटणारं हवं आणि त्याला कागद हवा: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, प्रवासाचं तिकीट, चौकीत आधी दिलेला अर्ज.

*कारण: दोन्ही चाव्या दिल्या नाहीत.* कंपनीचा संशय असा की एक चावी गाडीतच राहिली, किंवा गाडी तुम्हीच विकली. आमची दुसरी चावी २०२२ मध्ये घर बदलताना हरवली होती. लाल गोफ लावलेली. पुरावा काय देणार? शेवटी फॅमिली ग्रुपवर मागं मागं जाऊन मेसेज शोधला: “कुणी लाल गोफाची गाडीची चावी पाहिली का? टेम्पोत राहिली बहुतेक.” खाली सासूबाईंचं उत्तर: “देव्हाऱ्याच्या खोक्यात बघ.” तारीख, चोरीच्या दोन वर्षं आधीची. तो स्क्रीनशॉट मी जोडला आणि लिहिलं की दोन चाव्या सांभाळून ठेवण्याची अट माझ्या पॉलिसीत कुठंच नाही, असल्यास दाखवा. चावी हरवली तर त्याच वेळी पोलिसांत नोंद करा आणि सर्व्हिस सेंटरकडून नवी करून बिल जपून ठेवा. जुनी गाडी घेताना विकणाऱ्यानं एकच चावी दिली असेल, तर तसं त्याच्याकडून लिहून घ्या.

चावी खरंच गाडीत राहिली असेल तर? खोटं बोलू नका. आजकालच्या चाव्यांमधून बरंच काही कळतं आणि खोटं उघडं पडलं की सगळा क्लेम जातो. ३१ जुलै २०२३ च्या एका निकालात ड्रायव्हर पत्ता विचारायला खाली उतरला, चावी ट्रकलाच होती आणि ट्रक गेला. त्यातही सर्वोच्च न्यायालयानं ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणतात. अटीचा थोडा भंग आहे पण चोरी खरी आहे, अशा ठिकाणी हा शब्द वापरा.

*कारण: खासगी गाडी भाड्यानं चालवत होता.* २००८ च्या नितीन खंडेलवाल निकालात खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरली जात असताना पळवली गेली होती. चोरीच्या बाबतीत वापराचा हा भंग निर्णायक नाही म्हणून तिथंही ७५ टक्के कायम झाले. पूर्ण रकमेची आशा मात्र धरू नका.

*कारण: गाडी किंवा पॉलिसी तुमच्या नावावर नाही.* इथं मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. जुनी गाडी घेतली, आरसी नावावर केली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली, तर चोरीचे पैसे मिळणं फार अवघड. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप जातो; स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली नवी गाडी चोरीला गेली, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये कंपनीचा नकार उचलून धरला आहे.

४. इन्व्हेस्टिगेटरच्या जबाबाची प्रत मिळवा

कंपनी एक खासगी इन्व्हेस्टिगेटर पाठवते. आमच्याकडे आलेला मुलगा अदबीनं बोलणारा, चहा घेतला, गौराईचे उरलेले करंजी-लाडू खाल्ले. मग म्हणाला, “मॅडम, मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा.” मी वाचायला घेतलं तर त्यात ओळ होती: ‘दुसरी चावी कुठं आहे हे मालकास माहीत नाही.’ मी म्हणाले होते, हरवली, घर बदलताना, २०२२ मध्ये. ती ओळ खोडून स्वतःच्या हातानं दुरुस्त केली, बाजूला सही केली आणि मोबाईलवर फोटो काढला. तरी नकारपत्रात जुनाच सूर होता, पण तो फोटो पुढं उपयोगी पडला.

कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या जबाबावर सही करू नका. इंग्रजी नीट कळत नसेल तर मी मराठीत लिहून देईन म्हणा. जबाब देऊन बसला असाल, तर त्याची प्रत कंपनीकडे ईमेलनं मागा आणि चुका असतील त्या आत्ताच लेखी कळवा.

५. ‘अ समरी’च्या मागं लागा

पोलिसांना गाडी सापडली नाही तर ते कोर्टात अंतिम अहवाल देतात. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, याला महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. ‘ब समरी’ म्हणजे तक्रार खोटी, त्यामुळे अक्षर नीट बघा. बोलताना लोक याच कागदाला ‘नॉन ट्रेसेबल’ म्हणतात. यात काही महिने सहज जातात. आपणहून कुणी फोन करून सांगत नाही. तपास अधिकाऱ्याला दर पंधरा दिवसांनी भेटा, अहवालाचा नंबर घ्या, मग शिवाजीनगर कोर्टात नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची प्रत काढा. समरी यायची असेल आणि कंपनी घाई करत असेल, तर ‘अहवाल कोर्टात प्रलंबित आहे’ असा ईमेल तेवढा करून ठेवा, नाहीतर तेच फाइल बंद करण्याचं कारण होतं.

६. फाइल

- एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, अ समरीची प्रमाणित नक्कल
- आरसी, पॉलिसीची सगळी पानं (फक्त पहिलं पान नव्हे, अटी मागं असतात), हप्ता भरल्याची पावती
- क्लेम फॉर्म आणि क्लेम नंबर, कंपनीशी झालेले सगळे ईमेल तारखेप्रमाणे
- नकारपत्र, आलं त्या पाकिटासकट
- चाव्या दिल्याची पोच
- आरटीओला चोरी कळवल्याच्या पत्राची शिक्का मारलेली प्रत (एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं कार्यालय)
- कर्ज असेल तर बँकेचं खात्याचं विवरण
- सीसीटीव्ही, फास्टॅग

शेवटच्या ओळीबद्दल थोडं. सोसायट्यांचे आणि दुकानांचे डीव्हीआर जुनं चित्रण काही दिवसांत पुसतात, म्हणून पहिल्याच दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन फिरा. आणि फास्टॅग लगेच बंद करायच्या आधी त्याचे व्यवहार उतरवून घ्या. आमच्या मोबाईलवर त्या रात्री ३ वाजून १४ मिनिटांनी खेड शिवापूर टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला होता. आम्ही झोपेत होतो. गाडी साताऱ्याच्या दिशेनं गेली, हे सांगणारा तोच एक कागद आमच्याकडं होता.

७. आधी कंपनीचा तक्रार अधिकारी

याला वगळून विमा लोकपालाकडं (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येत नाही. ग्रीव्हन्स अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीवर असतो. तिसऱ्या पायरीतलं उत्तर त्याला पाठवा. सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. आम्हाला तीन ओळींचं छापील उत्तर आलं. चालतं. पुढच्या पायरीसाठी ते हवंच असतं. महिनाभर उत्तर आलं नाही, तरी पुढं जाता येतं.

८. विमा लोकपाल: नारायण पेठेतलं कार्यालय

पुणेकरांचं नशीब असं की लोकपालाचं कार्यालय शहरातच आहे: न. चिं. केळकर रस्ता, जीवन दर्शन इमारत, तिसरा मजला. स्कूटर लावायला जागा मिळणार नाही, रिक्षानं किंवा बसनं जा. अर्ज ऑनलाइनही करता येतो.

नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. फी नाही. वकील चालत नाही, आणि मला तरी हीच सगळ्यात चांगली गोष्ट वाटली, कारण समोर कंपनीचाही वकील नसतो. त्याच विषयावर कोर्टात किंवा ग्राहक आयोगात केस चालू असेल तर मात्र लोकपाल अर्ज घेत नाहीत. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही, तर तुमचा पुढचा रस्ता बंद होत नाही.

आमची सुनावणी वीसेक मिनिटांत झाली. लांबलचक बोलायला वेळ नसतो. मी एका पानावर पाच तारखा लिहून नेल्या होत्या: चोरी, ११२ चा फोन, एफआयआर, कंपनीला कळवलं, नकार. त्याच वाचल्या. मग जैना निकालाची प्रत दिली, मेसेजचा स्क्रीनशॉट दिला. सासूबाईंचं देव्हाऱ्याच्या खोक्याचं उत्तर वाचून तिथं थोडं हसूही आलं.

९. ग्राहक आयोग

लोकपालाकडं जमलं नाही, किंवा मानसिक त्रासाची भरपाईही हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. इथं मुदत दोन वर्षं, नकाराच्या तारखेपासून. लोकपालाकडं वेळ गेला तरी हे घड्याळ चालूच आहे असं धरून चला. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत. कुठला आयोग हे गाडीच्या किमतीवर नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरतं. हप्ता पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य. तक्रार ‘ई-जागृती’वर दाखल होते. वकील सक्तीचा नाही, पण कंपनी वकील देतेच, त्यामुळे इथं मी घेतला असता. वेळ लागतो, तारखा पडतात.

१०. पैसे देताना ज्या सह्या घेतात

मंजुरीनंतर आयडीव्हीमधून, म्हणजे गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीतून, सक्तीची वजावट जाते: १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यावर २०००. आयडीव्ही म्हणजे आजची बाजारभावाची किंमत नव्हे, पॉलिसीवर छापलेला आकडा. कर्ज असेल तर आधी बँकेचं भागवतात, उरलेलं तुम्हाला. तोवर हप्ते थांबवू नका, बँकेला चोरीशी देणंघेणं नसतं.

मालकी बदलाचे आरटीओ फॉर्म २८, २९, ३० आणि स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र भरून घेतात. उद्या गाडी सापडली तर ती कंपनीची, एवढाच त्याचा अर्थ, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या व्हाउचरला. कंपनी ७५ टक्के देऊ करत असेल आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर सही करताना ‘हक्क राखून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्याच दिवशी ईमेलही करा.

आमच्या पॉलिसीवर ४ लाख १२ हजार होते, खात्यात ४ लाख ११ हजार आले. त्याच आठवड्यात चोरीच्या गाडीवर कोल्हापूरकडची दोन ई-चलनं आली, दोन्ही चोरीनंतरच्या तारखांची. त्यांच्या विरोधात ऑनलाइन हरकत घेतली, एफआयआर आणि आरटीओचा शिक्का असलेलं पत्र जोडलं. तीन आठवड्यांनी दोन्ही रद्द झाली.